अंथोनीच्या हातातलं बाळ

मालवण
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय फॉस्टिन,

तुला ‘रेव्हरंड फादर’ वगैरे लिहायला हवं, पण ज्याचं शेंबडं नाक मी माझ्या फ्रॉकला पुसलं त्या मावसभावाला असं लिहिताना माझं मलाच हसू येतं. सातपुड्यातल्या तुझ्या पाड्यावरून फोन लावायचा तर तुला डोंगर चढावा लागतो, आणि चढलास तरी अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं. म्हणून पत्र. सावकाश वाच, सावकाश उत्तर दे, पण दे.

इनासच्या होडीचं तुला कळलं त्या दिवशी जेवढं आम्हाला माहीत होतं, त्याहून आजही फारसं जास्त कळलेलं नाही. वारा अचानक फिरला आणि होडी खोल पाण्यात उलटली. होडीवर दोघंच होते, इनास आणि त्याचा जुना जोडीदार मुख्तार. मुख्तार दुसऱ्या दिवशी एका ट्रॉलरवरच्या लोकांना सापडला, डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारलेला. ओरोसच्या इस्पितळात आहे. कुणी विचारलं तर एवढंच म्हणतो, “माका कायच आठवना नाय.” इनासचा पत्ता नाही.

काल मेलेल्यांचा दिवस. सगळी वाडी दफनभूमीत मेणबत्त्या घेऊन गेली होती. इनासच्या कार्मेलिनने सासूसासऱ्यांच्या थडग्यावर दोन लावल्या आणि पिशवीतून तिसरी काढली. कुणाला लावायची होती ते तिने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. डॅनियलने ती तिच्या हातातून हळूच घेतली आणि परत पिशवीत ठेवली. म्हणाला, “ही कोणाक गो मम्मी? पप्पा मेलो काय? माजी नोव्हेना चालू आसा मां?” कार्मेलिन माझ्याकडे बघायला लागली आणि मी चपलेतला खडा काढायला वाकले.

ही नोव्हेना तूच त्याला फोनवर दिलेली. हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंथोनीची, नऊ दिवसांची प्रार्थना. आपल्याकडे कानातलं हरवलं, म्हैस चुकली, की सांत आंतोनाला हाक मारतात, तशीच पोराने बापासाठी मारली. नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी तो चर्चच्या पायरीवर समुद्राकडे तोंड करून बसला होता. जेवायलाही उठला नाही. संध्याकाळी आत गेला आणि त्याने पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.

जूनमध्ये तुझी बदली झाली आणि जाता जाता तू युवा गटाच्या चाव्या माझ्या हातात दिल्यास. मी गणिताची बाई. शनिवारच्या वर्गात अकरा मुलं समोर बसतात आणि मी तुझ्या जुन्या टिपणांवरून त्यांना श्रद्धा शिकवते. मे महिन्यात बिशप येतील, मुलांचं दृढीकरण होईल. लहानपणी आईबापांनी त्यांच्या वतीने “मानतो” म्हटलं, ते आता त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. सोळा वर्षांचा हा डॅनियल त्यांच्यात सगळ्यात पुढे. तुझ्यासारखा बोलतो, तुझ्यासारखी मान तिरकी करून गिटार वाजवतो. त्याला मी काय सांगू? थांब म्हणू? प्रार्थना करणाऱ्या पोराला थांब म्हणायचं कसं, ते तुझ्या टिपणांत कुठेच नाही.

नोव्हेना तू दिलीस. ती संपवायची कशी, तेही तूच कळव.

तुझी
बर्नादेत

पाडा
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय बाय,

आमच्याकडे टपाल आठवड्यातून एकदा येतं. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून पोस्टमन म्हणाला, “फादर, कुणाचा निकाल लागला का?” इतकं ठसठशीत अक्षर काढत जाऊ नकोस.

इनास माझ्याहून थोडाच मोठा. मला पोहायला त्यानेच शिकवलं. त्याच्यासाठी रोज मिस्सा अर्पण करतोय. तरी तुझं पत्र वाचून, रागावू नकोस, मला थोडा आनंदही झाला. इतकी वर्षं शिबिरं घेतली, पोरांचे मोबाईल काढून घेऊन त्यांना ध्यानाला बसवलं, आणि घरी जाताना गाडीत हीच पोरं परत मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली बघितली. वाटायचं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता त्यांच्यातलंच एक पोरगं, बाप समुद्रात गेला असताना, गुडघ्यावर बसतं. तू त्याला थांबवायला निघालीस? बाय, तू गणितात हुशार, पण हे गणित नव्हे.

मागत राहा, दार ठोठावत राहा, असं आपणच त्यांना शिकवलं ना? मग त्याला एकटा नको ठेवूस. सगळ्या गटाला त्याच्याबरोबर बसव. समुद्राकाठी आपला खुरीस आहे, त्या क्रुसापाशी संध्याकाळी न्या त्यांना. दुःखात एकमेकांना धरून राहायचं कसं, हे वर्गात बसून कळत नाही.

आणखी एक. डॅनियलचं कार्ड आलं. दृढीकरणाला मी त्याचा पाद्रिन व्हावं, असं त्याने विचारलंय. बिशप कपाळाला तेल लावतील तेव्हा मागे उभा राहून त्याच्या खांद्यावर हात मी ठेवायचा. मी कळवलं, येईन. जीव गेला तरी येईन.

तुझा
फॉस्टिन

मालवण
१२ जानेवारी २०२५

प्रिय फॉस्टिन,

तू सांगितलंस तसं केलं. आता वाटतं, तुला न विचारता मी माझ्याच मनाने काहीतरी केलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सगळी मुलं खुरसापाशी जमतात. आधी डॅनियलसाठी येत होती, आता स्वतःसाठीही येतात. बारका ॲल्विन शिकवणी बुडवून येतो. पर्यटक पॅरासेलिंग करून परत येताना थांबतात आणि त्यांचे व्हिडिओ काढतात. एका बाईने मला विचारलं, “कुठला फेस्टिव्हल आहे का?” मी “हो” म्हटलं. दुसरं काय सांगणार होते तिला?

नाताळच्या आधी सॅव्हियो मला म्हणाला, “टीचर, आमी सगळ्यांनी ठरवलाव. इनास अंकल आयलो काय आमी दृढीकरण घेतलाव.” मी विचारलं, “आणि नाही आला तर?” त्याला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाला, “नाय आयलो तर कित्याक घेवचा?” म्हणजे बघ, एका डॅनियलची काळजी होती, आता अकराही जणांनी आपापली श्रद्धा नेऊन त्या एका होडीत ठेवली आहे. आणि त्यांना तिथे नेऊन बसवणारी मी.

दुसरी गोष्ट. चर्चमधल्या संत अंथोनीच्या हातातला बाळ येशू गायब झाला. नवे फादर चिडले, रविवारी वेदीवरून चोरीची घोषणा करणार होते. मला लगेच कळलं. आपली आजी काय करायची आठवतं? काही हरवलं की अंथोनीच्या हातातलं बाळ काढून पिठाच्या डब्यात ठेवायची आणि त्याला ठणकावायची, “तुजा बाळ होया तर आदी माजा काम कर.” ही गंमत तूच शिबिरात रंगवून सांगितली होतीस, पोरं हसून हसून लोळली होती. डॅनियल हसला नसावा. मी त्याला बाजूला घेतलं. त्याने निमूट खिशातून रुमाल काढून दाखवला. रुमालात बाळ येशू, अंगठ्याएवढा. माझ्याच्याने ‘परत दे’ म्हणवलं नाही. फादरना सांगितलं, रंग उडाला होता म्हणून सावंतवाडीला लाकडी खेळण्यांवाल्याकडे रंगवायला दिलाय. चर्चमध्ये उभी राहून खोटं बोलले, आणि तेही चांगलं जमलं मला.

कार्मेलिनला काळं घालावं की नाही ते कळत नाही. शेजारणी आडून आडून विचारतात. नाताळला तिने दारात मोठा तारा लावला, इनासला लांबून दिसावा म्हणून डॅनियलने लावायला लावला. नेवऱ्या तळल्या, त्याची थाळी झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्या नेवऱ्या तिनेच खाल्ल्या. मुख्तार घरी आलाय. समुद्रावर जात नाही, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत नुसता बसून असतो. डॅनियल कॉलेजमधून आला की रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसतो. दोघांना एकमेकांचा धीर वाटत असेल. तेवढंच एक बरं चाललंय.

तू ये. पत्राने होणारं काम नाही हे. तुझ्या तोंडून ऐकलं तर तो ऐकेल.

बर्नादेत

पाडा
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाय,

उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. पहिल्यात मी देवाच्या इच्छेवर दोन पानं लिहिली होती. ती तुला पाठवली असती तर तू लाल पेनने रेघ मारून परत पाठवली असतीस, आणि बरोबर केलं असतंस.

होडी उलटली त्या दिवशीचं सांगतो. निरोप मिळाला तसा धावत डोंगर चढलो, धाप लागली होती. फोन डॅनियलनेच उचलला. रडत नव्हता. म्हणाला, “फादर, वारो आसा म्हणान पप्पाक सोदूक कोणच जायना नाय. मी काय करू?” माझ्याकडे काही नव्हतं, बाय. इतकी वर्षं प्रवचनं करतोय, पण त्या पोराला द्यायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. वर रेंज जात होती. शिबिरात कुणाचा गुडघा फुटला की आपण त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायचो, तशी मी त्याच्या हातावर नोव्हेना ठेवली. नऊ दिवस पोराला काहीतरी करायला मिळेल, तोवर समुद्र काय ते सांगेल, असं वाटलं. समुद्र काहीच सांगणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता मी काय करू? ‘तुझा बाप येणार नाही’ असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. ‘येईल’ म्हणायला तोंड नाही. आणि ‘प्रार्थना थांबव’ म्हटलं तर तो विचारेल, मग दिलीत कशाला?

पवित्र आठवड्यात येतो. रजा मागितली आहे, मिळेल. गुरुवारी पोचेन. त्याच्याशी मी स्वतः बोलेन. तोवर तू काही बोलू नकोस, कृपा कर. हे माझं काम आहे.

फॉस्टिन

मालवण
२२ एप्रिल २०२५

फॉस्टिन,

गुरुवारी डॅनियलने चर्चमागची तुझी जुनी खोली झाडली, उशीला स्वच्छ अभ्रा घातला आणि एसटी स्टँडवर जाऊन बसला. शुक्रवारी पुन्हा गेला. शनिवारी मी त्याला म्हटलं, “आज नको जाऊस,” तर म्हणतो, “गाडी लेट आसात, टीचर.”

ईस्टर झाला. तू आला नाहीस. फोन नाही, निरोप नाही.

म्हणून रविवारी मिस्सेनंतर मीच बोलायला गेले. खुरसाजवळ तो एकटाच होता. मी म्हटलं, “डॅनियल, माझ्या बाळा, ऐक.” त्याने वर बघितलं. “काय, टीचर?” हे पोर असं सरळ बघतं, की समोरच्याची जीभच उचलत नाही. सगळं पाठ करून गेले होते मी. आणि तोंडातून काय निघालं माहीत आहे? “चल, आज दोन तेर्स म्हणूया.” दोन! एकाच्या जागी दोन रोझरी म्हणायला बसवून आले त्याला. घरी आले आणि दार लावून स्वतःला शिव्या दिल्या.

अकरा मेला बिशप येतायत. पोरं रोज सरावाला येतात, कारण त्यांना अजून वाटतं इनास येईल. मला काही जमत नाही. तुला जमलं नाही हे दिसलंच. मोठ्या माणसांनी काय करायचं असतं ते आपल्याला कुणी शिकवलंच नाही का रे?

बर्नादेत

पाडा
३० एप्रिल २०२५

प्रिय बाय,

मी आलो होतो.

बुधवारी निघालो. कोल्हापूरहून घाट उतरून तळेऱ्यापर्यंत आलो. तिथे गाडी चहाला थांबली. टपरीवाला आपल्या बोलीत कुणाला तरी म्हणाला, “बस मां रे, खंय जातंस?” आणि माझे पाय जे बसले ते उठेनात. तिथून पुढे दोनच तासांचा रस्ता. मी बाकावर बसून मनात बोलायचा सराव करत होतो. डॅनियल, देवाने तुझं ऐकलं आहे. डॅनियल, तुझा बाप देवाजवळ आहे. एकही वाक्य मला स्वतःला खरं वाटेना. खोटं नव्हतं, पण त्या पोरासमोर ते बोलायला मी कोण, असं झालं. कंडक्टरने दोनदा हाका मारल्या. मी हाताने ‘जा’ केलं. मग उलट दिशेची गाडी आली आणि मी तीत चढलो.

घाबरलो, बाय. यापलीकडे कारण नाही. इथे पाड्यावर कुणाला सांगता येत नाही म्हणून तुला सांगतो.

अकरा मेला माझी वाट बघू नका. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला तू उभी राहा. त्याला काय सांगायचं ते तू ठरव, मला तो हक्क उरला नाही.

फॉस्टिन

मालवण
१९ मे २०२५

प्रिय फॉस्टिन,

तुझं पत्र वाचून आधी तुझा भयंकर राग आला. रात्री जेवताना मग एकदम रडू आलं. तळेऱ्याच्या बाकावर बसलेला तू मला लहानपणीचा दिसायला लागलास, शाळेत जायचं नाही म्हणून विहिरीच्या कठड्याला धरून बसायचास तसा. असो. जे झालं ते लिहिते, तुला कळायला हवं.

शनिवारी, दहा तारखेला, शेवटचा सराव होता. मुलं गेली. मी डॅनियलला थांबवून घेतलं. या वेळी काहीही झालं तरी बोलायचंच, असं ठरवून अंथोनीच्या पुतळ्यासमोरच्या बाकावर त्याला बसवलं. मी सुरुवात करायच्या आधी तोच म्हणाला, “टीचर, तुमी काय सांगतल्यात ता माका म्हायत आसा. पप्पा येवचो नाय.”

मी म्हटलं, “कुणी सांगितलं तुला?”

“मुख्तारचाचान. नाताळाच्या आदीच सांगल्यान. कॅन एकच होतो. दोगांनी धरल्यार बुडूक लागलो. पप्पान हात सोडल्यान. चाचा हाको मारी होतो, पप्पा बोलाकच नाय.”

फॉस्टिन, मुख्तारला सगळं आठवत होतं. हे बाहेर सांगायचं कसं, या भीतीने तो ‘आठवना नाय’ म्हणत राहिला, आणि एका पोरालाच काय ते सांगितलं. त्या होड्यांच्या सावलीत दोघं बसायचे ते हे घेऊन बसायचे. आणि मी तुला काय लिहिलं होतं? तेवढंच एक बरं चाललंय.

मी विचारलं, “मग इतके महिने रोज प्रार्थना कशाला केलीस रे?”

तो म्हणाला, “पयल्यांदा माका खरा वाटूक नाय. मगे वाटला. पण तवसर ती सगळी पोरां येवक लागली होती. ॲल्विन रोज विचारी, आज येतलो मां? तेका काय सांगू? फादरांक कळला तर तेंका वायट दिसतला, तेंनीच नोव्हेना दिलेली. आनी टीचर, तुमी रोज माज्या तोंडाकडे बघीत होत्यात. माका वाटला, मी थांबलंय तर तुमी पण थांबतल्यात.”

वाचलंस? आपण दोघं पत्रांतून एकमेकांवर ढकलत होतो, याला कोण सांगणार, कसं सांगणार. आणि ते सोळा वर्षांचं पोर बापाचं मरण खिशात घालून आपली सगळ्यांची श्रद्धा सांभाळत गुडघ्यावर बसत होतं. त्यात माझीही. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी त्याला जवळ घेतलं तर उलट तोच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “रडू नकात, टीचर.”

मग त्याने खिशातून तो रुमाल काढला. बाळ येशूच्या नाकाचा रंग बोट घासून घासून गेला होता. मला स्टूल धरायला सांगितलं आणि वर चढला. बाळाच्या खाली एक लाकडी खुंटी आहे, ती अंथोनीच्या हातातल्या भोकात बसवली, दाबून बघितली. म्हणाला, “अंथोनीन काम करूक नाय, पण हेका तरी किती दीस दूर ठेवचो? कोण तरी एकलो आपल्या घराक जावंदे.” मी स्टूल धरून उभी होते. स्टूल हलत होतं, आणि तो वरून सांगत होता, “हळू, टीचर, पडान मी.”

त्याच संध्याकाळी खुरसापाशी जाऊन त्याने मुलांना सांगितलं. मी बरोबर होते, पण बोलला तोच. ॲल्विन मोठ्याने रडला. सॅव्हियो उठून गेला.

रविवारी दृढीकरण झालं. सॅव्हियो आलाच नाही. त्याची आई मला बोल लावते, मी ऐकून घेते. बाकीची दहा होती. डॅनियलच्या मागे मी उभी राहिले, उजवा हात त्याच्या खांद्यावर. मुख्तार दाराबाहेर चपला काढून उभा होता, आत ये म्हटलं तर शेवटपर्यंत आला नाही. बिशपनी विचारलं, मानता का? मुलांनी एका आवाजात “मानतो” म्हटलं. मी फक्त एकच आवाज शोधत होते. तो त्यात होता की नव्हता, मला खरंच सांगता येणार नाही. मी मागे होते, त्याचे ओठ मला दिसले नाहीत. तू असतास तरी तुला दिसले नसते.

दुसऱ्या दिवशी इनाससाठी मिस्सा झाली, पेटीशिवाय. कार्मेलिन काळं घालून आली. नोव्हेंबरपासून पिशवीत पडलेली तीच मेणबत्ती तिने लावली, आणि या वेळी डॅनियलने काडी ओढून दिली.

मिस्सेनंतर तो माझ्याकडे आला. मला वाटलं आता रागावेल, काहीतरी विचारेल, देव कुठे होता वगैरे. त्याची उत्तरं तुझ्या टिपणांत आहेत, वाईट का होईना. पण त्याने विचारलं, “टीचर, नोव्हेना आता बंद केलंय. सांजच्या येळाक आता मी काय करू?”

तुला फोनवर त्याने हेच विचारलं होतं ना? मी काय करू? माझ्याकडेही काही नव्हतं, फॉस्टिन. या वेळी मी त्याच्या हातावर काही ठेवलं नाही. “घरी ये, चहा घेऊ,” एवढंच म्हटलं.

तेव्हापासून तो रोज येतो. पडवीत बसतो. मी चहा करते, तो बिस्किट बुडवतो, त्याचा तुकडा कपात पडतो, आम्ही दोघं तो चमच्याने काढतो. बोलत नाही फारसं. काल मुख्तारही आला आणि पायरीवरच बसला. मी त्याला कपबशी दिली. मला काही शिकवता येत नाही आणि त्या दोघांना काही विचारायचं नाही. खुरसाकडे आमच्यातलं कुणी बघत नाही, पण पडवीतून तो दिसतो.

पडवीत तिसरी खुर्ची आहे, पाय थोडा डुगडुगतो, पण बसता येतं. मे संपायच्या आत निघ. तळेऱ्याला चहा घेऊ नकोस, गाडीतच बसून राहा. आणि सांगायला म्हणून काही आणू नकोस. नुसता ये.

तुझी
बाय